वाचकांचे प्रश्न : गिटारच्या पोटातील पट्ट्या

हाताने अकूस्टिक गिटार घडवणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख या वेळी वरच्या फळीच्या आतल्या अंगाला चिकटवलेल्या पट्ट्यांकडे, म्हणजे ब्रेसिंगकडे आहे. एकमेकांत गुंतलेले काही प्रश्न म्हणून एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : स्टीलच्या तारांची माझी पहिली गिटार मी एका तयार नकाशाबरहुकूम, एक्स ब्रेसिंग (इंग्रजी X सारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन मुख्य पट्ट्या) घालून पूर्ण केली. वाद्य सुरात राहते, पण आवाज आखडलेला वाटतो. दुसऱ्या गिटारला फॅन (पंख्यासारखे), जाळीचे किंवा अलीकडचे व्ही पद्धतीचे ब्रेसिंग करून पाहण्याचा विचार आहे. सुरुवात कोणत्या रचनेपासून करावी?

उत्तर : पुन्हा एक्सपासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज आखडण्याचा दोष रचनेचा असण्यापेक्षा मापांचा असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, आणि मापे तशीच जड ठेवून रचना बदलली तर नवी गिटारही तितकीच आखडलेली निघेल, फक्त त्याचे खापर या वेळी दुसऱ्या रचनेवर फुटेल.

पट्ट्यांना काय काम करावे लागते ते आधी पाहू. हलक्या गेजच्या, म्हणजे कमी जाडीच्या, सहा स्टीलच्या तारा मिळून सुमारे ७० ते ७५ किलोचा ताण देतात. नायलॉनच्या तारांचा ताण ४० किलोच्या आसपास असतो. हा ताण फळीच्या पातळीत नसून तिच्यापासून साधारण १३ मिलिमीटर उंचीवर असतो, त्यामुळे तारा ब्रिजला (फळीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी ठोकळ्याला) नुसत्या ओढत नाहीत, तर त्याला पुढच्या बाजूला कलंडवू पाहतात. परिणामी ब्रिजच्या पुढे, ध्वनिछिद्राच्या बाजूला फळी खचू लागते आणि ब्रिजच्या मागे तिला पोट येते. ही ओढ वर्षानुवर्षे सोसायची आणि तरीही फळीला थरथरण्याची मोकळीक ठेवायची, या दोन परस्परविरोधी मागण्यांमधली तडजोड म्हणजे ब्रेसिंग.

जुन्या युरोपीय गिटारींत पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असत. स्पेनमध्ये आंतोनियो दे तोर्रेस याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्यांची रचना घोटून पक्की केली; ती त्याने शोधली नव्हती, पण आजची क्लासिकल गिटार तिच्यावरच उभी आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या सी. एफ. मार्टिन याच्या गिटारींत एक्स ब्रेसिंग १८४० च्या दशकात दिसते. गंमत अशी की, त्या काळी तारा आतड्याच्या होत्या. स्टीलच्या तारा सर्रास वापरात आल्यावर हीच रचना त्यांचा भार पेलायला सर्वांत लायक ठरली. व्ही रचना टेलर कंपनीने २०१८ मध्ये आणली. या प्रत्येक रचनेमागे ती घडवणाऱ्यांनी अनेक वाद्यांवर केलेली मापांची जुळवाजुळव आहे आणि कागदावरच्या आकृतीत ती उतरत नाही.

आता मापांकडे येऊ. पट्टीची ताठरता तिच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रुंदी दुप्पट केली तर ताठरता दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर ती आठपट होते. याचा बाकावरचा अर्थ असा, की ८ मिलिमीटर रुंद, १५ मिलिमीटर उंच आणि अर्धा मीटर लांब अशा स्प्रूसच्या पट्टीवरून रंध्याने दीड मिलिमीटर उंची उतरवली तर जेमतेम अडीच ग्रॅम लाकूड जाते, पण ताठरता मात्र २७ टक्क्यांनी उतरते. पट्टी फळीला चिकटल्यावर दोघी मिळून एकच अंग होते आणि हा हिशेब थोडा बदलतो, पण उंचीचे वर्चस्व तेव्हाही टिकते. नकाशा काढणाऱ्याला आपले लाकूड ठाऊक नसते, म्हणून तो हातचा राखूनच मापे देतो. आपल्या पहिल्या गिटारचा आवाज बहुधा या राखलेल्या हातच्यात अडकला आहे.

तेव्हा दुसऱ्या गिटारला तोच साचा, तीच लाकडे आणि तोच एक्स ठेवावा. पट्ट्या मात्र ६ मिलिमीटर रुंद आणि साडेसोळा मिलिमीटर उंच घ्याव्यात: ताठरता जवळजवळ तेवढीच राहते आणि वजन सतरा-अठरा टक्क्यांनी घटते. त्यानंतर उंची कमी करत आणण्याचा प्रयोग करावा. तो कसा, हे पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : पट्ट्या तासताना थांबायचे कधी, हे कळत नाही. जाणकार फळीवर टिचकी मारून सांगतात, मला मात्र प्रत्येक टिचकी सारखीच ऐकू येते. यावर काही निश्चित माप आहे का?

उत्तर : सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही, पण मोजण्याची पद्धत आहे, आणि ती अंगवळणी पडली की टिचकीही हळूहळू ऐकू येऊ लागते.

सुरुवात पट्टी चिकटवण्याच्या आधी करावी. पट्टीसाठी घेतलेले लाकूड करवतीने कापण्याऐवजी फोडून घ्यावे, म्हणजे त्याचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. तंतू मध्येच तिरपे बाहेर पडणारी पट्टी दिसायला कितीही देखणी असली तरी कमजोर असते. मग पट्टी एकाच मापात रंधून, ४०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून, मधोमध एक किलो वजन टांगावे आणि डायल गेजने (बारीक अंतर काट्याने दाखवणाऱ्या मापकाने) वाक मोजावा. ८ बाय १५ मिलिमीटरची चांगल्या स्प्रूसची पट्टी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाकते. माझ्या बाकावर दोन वेगळ्या फळ्यांतून निघालेल्या, डोळ्यांना जुळ्या वाटणाऱ्या पट्ट्यांपैकी एक ०.४५ मिलिमीटर वाकली आणि दुसरी ०.६०. दुसरीला पहिलीच्या तोडीस आणायचे तर तिची उंची १५ ऐवजी साडेसोळा मिलिमीटर ठेवावी लागेल. नकाशातील ‘१५ मिलिमीटर’ हे माप या दोघींपैकी कोणत्या पट्टीसाठी लिहिले होते, याचे उत्तर नकाशात सापडत नाही.

दुसरी मोजणी पट्ट्या चिकटवल्यानंतरची, पण खोका बंद होण्यापूर्वीची. गिटारच्या आकाराची एक भक्कम लाकडी चौकट करून घ्यावी, जिच्यावर फळीची कड सगळीकडून टेकेल. फळी तिच्यावर पालथी न घालता वाजवण्याची बाजू वर ठेवून मांडावी, ब्रिजच्या जागी दोन किलो वजन ठेवावे आणि फळी किती दबली ते वहीत लिहावे. मग पट्ट्या थोड्या तासाव्यात आणि पुन्हा मोजावे. येथे घाई करू नये. लहान रंध्याचे पाते इतके बारीक लावावे, की भुगा न पडता कागदासारखा पारदर्शक, वळलेला पापुद्रा यावा. असे चार पापुद्रे काढायचे आणि गेजकडे पाहायचे. सुरुवातीला काटा फारसा हलत नाही. पुढे एक टप्पा असा येतो, की तेवढेच चार पापुद्रे काढल्यावर काटा आधीच्या दुप्पट सरकतो. तेथे मी हात थांबवतो, रंधा खाली ठेवतो आणि उरलेले काम दुसऱ्या दिवसावर टाकतो. उंची घटत जाते तसा प्रत्येक पापुद्रा अधिक महाग पडतो, आणि दमलेला हात शेवटचे दोन पापुद्रे नेहमी जास्तीचे काढतो.

या दोन मोजण्यांच्या मध्ये फळी वरच्या टोकाशी, कडेपासून थोडे आत, अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत धरून कानाजवळ न्यावी आणि ब्रिजच्या जागी बोटाच्या पेराने ठोकावे. पट्ट्या उंच असताना कोरडा, आखूड ‘टक’ येतो. त्या उतरत गेल्या की त्याच जागी खालचा, लांबणारा ‘टुम्म’ येऊ लागतो. चिमटीची जागा दोन बोटे इकडेतिकडे सरकवली तरी नाद एकदम मेल्यासारखा होतो, कारण कंपनाच्या स्थिर रेषेवर, म्हणजे फळी जिथे हलत नाही तिथे, धरले तरच फळी मोकळी वाजते. आपल्याला सगळ्या टिचक्या सारख्या ऐकू येतात, त्यामागे कानाचा दोष नसून चिमटीचा असू शकेल. या स्थिर रेषा डोळ्यांनी पाहायच्या असतील तर फळीवर चहाची कोरडी पूड पसरून खालून स्पीकरने एकेक सूर द्यावा. क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ साली वाळू पसरून दाखवलेल्या आकृत्या त्याच तत्त्वावर आपल्या फळीवर उमटतात.

अंतिम परीक्षा मात्र तारा चढवल्यावरच होते. ब्रिजवर कोन मोजणारे छोटे डिजिटल उपकरण ठेवून तारा सैल असताना आणि पूर्ण ताणल्यावर असा दोनदा कोन घ्यावा. फरक दोन अंशांच्या आत असेल तर फळी भार सोसते आहे असे मी धरतो. त्याहून बराच जास्त असेल तर ती आज गोड वाजत असली तरी काही वर्षांत खचेल, आणि जवळजवळ शून्य असेल तर पुढच्या गिटारला आणखी तासायला वाव आहे.

प्रश्न : पट्ट्यांना मधे खोलगट तासून दोन्ही बाजूंना उंचवटे ठेवण्याची, म्हणजे स्कॅलप करण्याची पद्धत खरोखर आवाज सुधारते का?

उत्तर : बदलते, हे नक्की, सुधारते की नाही ते वाजवणाऱ्यावर आहे. खोलगट भागात ताठरता झपाट्याने उतरते, फळीचा खालचा भाग सैल होतो आणि खर्जाला भरणा येतो, पण जोरात वाजवल्यावर तोच खर्ज पसरट होऊ शकतो. मार्टिन कंपनीने १९४४ च्या अखेरीस स्कॅलप करणे थांबवले ते आवाजासाठी नव्हे. लोक जाड तारा लावू लागले आणि फळ्या सोसेनात, म्हणून. त्याआधी १९३० च्या दशकाच्या शेवटी एक्सचा छेदही त्यांनी ध्वनिछिद्रापासून मागे, ब्रिजच्या दिशेने सरकवला होता. पुढे १९७६ मध्ये एचडी-२८ या गिटारसोबत स्कॅलप केलेल्या पट्ट्या परत आल्या. सरळ उतार दिलेली पट्टी करायला सोपी, मोजायला सोपी आणि दोन गिटारींत तंतोतंत सारखी करता येण्याजोगी असते, म्हणून प्रयोगासाठी मी तीच निवडतो.

प्रश्न : कार्बन फायबर वापरून जाळीचे ब्रेसिंग केले तर वजन कमी आणि ताकद जास्त, असे दोन्ही साधणार नाही का?

उत्तर : साधते, पण ते वेगळेच वाद्य असते. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन यांनी क्लासिकल गिटारसाठी बाल्सा लाकूड आणि कार्बन फायबर यांची जाळी रूढ केली आणि गिटारवादक जॉन विल्यम्स यांनी तशी गिटार मैफिलींत वाजवली, तेव्हापासून हा मार्ग प्रतिष्ठित झाला. परंतु त्या गिटारींची फळी अतिशय पातळ, दीड मिलिमीटरहूनही कमी असते आणि मागची बाजू व कडा मुद्दाम जड व ताठ ठेवलेल्या असतात. त्यातली फक्त जाळी उचलून अडीच-तीन मिलिमीटरच्या फळीखाली लावली, तर हाती निव्वळ ताठपणा येतो.

कार्बन फायबर स्प्रूसच्या साधारण चौपट जड आणि दहापटीहून अधिक ताठ असते. त्यामुळे ते थोडेच, आणि पट्टीच्या माथ्यावर वापरले तरच फायद्याचे ठरते. अडचण अशी की, माथ्यावर कार्बनची फीत बसली की पट्टीची उंची उतरवून आवाज जुळवण्याचा रस्ता बंद होतो. मग पट्टीच्या बाजू तासणे एवढेच उरते, आणि रुंदीचा परिणाम किती कमी असतो ते वर सांगितलेच आहे. पाच-सहा गिटारींची मापे वहीत जमली असतील त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. कार्बन घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला वाईट असते, तेव्हा मास्कशिवाय ती कानस हातात घेऊ नये.

प्रश्न : पट्ट्या चिकटवण्यासाठी सरसच वापरावा की लाकूडकामाचा नेहमीचा डिंक चालेल?

उत्तर : दोन्ही चालतात. गरम सरस वाळल्यावर कडक होतो आणि ऊब व ओल देऊन सोडवता येतो, म्हणून मला तो आवडतो. आवाजात पडणारा फरक मी कधी खात्रीने ऐकू शकलेलो नाही. या दोहोंपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे एक्सच्या छेदावरचा खाचेचा सांधा घट्ट बसला पाहिजे, आणि ज्या पट्टीची खाच फळीच्या विरुद्ध बाजूला उघडी राहते तिच्यावर कापडाची किंवा लाकडाची चकती चिकटवली पाहिजे, नाहीतर ती पट्टी तेथे निम्म्याच उंचीची उरते. दुसरी म्हणजे हवा. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असतानाच चिकटवावे. फळी ओलाव्याने रुंदीत फुगते, पट्टी मात्र लांबीत जवळजवळ बदलत नाही. दमट हवेत चिकटवलेली जोडी पुढे कोरड्या हवेत गेली, की फळी आकसू पाहते, पट्टी तिला आकसू देत नाही, आणि शेवटी फळी तडकते.

प्रश्न : माझी गिटार पूर्ण झाली आहे, पॉलिशही झाले आहे, पण खर्ज कमी वाटतो. ध्वनिछिद्रातून हात घालून आतल्या पट्ट्या तासता येतील का?

उत्तर : येतात, आणि मी ते केले आहे, म्हणूनच थोडे लांबून सांगतो. माझ्या तिसऱ्या गिटारला अशीच तक्रार होती. अंगठ्याएवढा रंधा आणि छोटा आरसा घेऊन मी बसलो, दर पाच मिनिटांनी वाजवून पाहिले, खर्ज दरवेळी थोडा थोडा खुलत गेला, आणि त्या आनंदात एक्सच्या छेदापासून ब्रिजपर्यंतचा भागही मी उतरवला. त्या संध्याकाळी ती गिटार मी घडवलेल्या कोणत्याही गिटारपेक्षा सुंदर वाजली. आठ महिन्यांनी ब्रिजच्या मागे स्पष्ट पोट आले, तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या गेल्या, आणि शेवटी फळी काढून नवी बसवावी लागली.

म्हणून लाकूड काढण्याआधी परत घेता येईल असा प्रयोग करावा. ब्रिजवर दहा ग्रॅम मळलेली पुट्टी चिकटवून वाजवून पाहावे; नंतर ती काढून फळीच्या खालच्या रुंद भागात वेगवेगळ्या जागी लावून पाहावी. वजन वाढवणे आणि ताठरता घटवणे या एकच गोष्टी नव्हेत, पण दोन्हींमुळे फळीचा मुख्य सूर खाली येतो, आणि तो खाली आलेला आपल्याला आवडतो की नाही एवढे तरी कळते. मोबाइलवरच्या वर्णपट दाखवणाऱ्या ॲपसमोर, तारा हाताने दाबून, ब्रिजवर टिचकी मारली तर पूर्ण आकाराच्या गिटारमध्ये खोक्यातल्या हवेचे शिखर १०० हर्ट्झच्या आसपास आणि फळीचे १८० ते २०० हर्ट्झच्या दरम्यान दिसते. फळीचे शिखर याहून बरेच वर असेल तर पट्ट्या किंवा फळी ताठ आहे आणि तासण्यात अर्थ आहे. ते आधीच १८० च्या खाली असेल तर पट्ट्यांना हात लावू नये. दोष कुठेतरी दुसरीकडे आहे, आणि बऱ्याचदा तो पॉलिशच्या जाड थरात सापडतो.

तासायचे ठरलेच, तर एक्सच्या खालच्या दोन पायांची कडेकडची टोके आणि त्यांच्यामधल्या तिरप्या पट्ट्या, एवढ्यावरच थांबावे. कडेजवळ फळी सैल झाली की ती एकसंध वरखाली हलू लागते आणि खर्ज मिळतो. ब्रिजच्या आसपासचा भाग भार पेलतो, तेथले लाकूड राखावे. रंधा आत चालत नसेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवलेला पॉलिश पेपर वापरावा. त्याने काम सावकाश होते, आणि येथे तेच हवे आहे.

प्रश्न : मी एकाच नमुन्याच्या दोन गिटारी केल्या, एकीला उंच व अरुंद पट्ट्या, दुसरीला बसक्या व रुंद. पहिली मला आणि मित्रांना सरस वाटते. यावरून उंच पट्ट्या चांगल्या असे म्हणता येईल का?

उत्तर : अद्याप नाही. दोन गिटारींत पट्ट्यांशिवाय काय काय वेगळे होते, हे आधी पाहावे लागेल. दोन्ही फळ्या एकाच ओंडक्याच्या लागून कापलेल्या होत्या का, त्यांची जाडी आणि चिकटवण्यापूर्वीचे वजन लिहून ठेवले होते का, तारा एकाच दिवशी चढवल्या होत्या का, आणि ऐकताना मित्रांना कोणती गिटार वाजते आहे हे दिसत होते का? शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण आपल्याच हातच्या वाद्याविषयी कान किती पक्षपाती होतात, याचा अनुभव मी अनेकदा घेतला आहे.

फळीचे महत्त्व दाखवण्यासाठी तोर्रेसने १८६२ मध्ये मागची बाजू आणि कडा कागदाच्या लगद्याच्या असलेली गिटार केली, आणि ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आजही आहे. त्याने बाकी सारे गौण करून एकाच गोष्टीची परीक्षा घेतली. आपल्याला तेवढे टोक गाठण्याची गरज नाही. दोन्ही गिटारींच्या फळीची व हवेची शिखरे टिचकीने मोजावीत, ब्रिजच्या कोनाचा फरक घ्यावा, आणि मग बसक्या पट्ट्यांच्या गिटारची एक्सची खालची टोके वर सांगितल्याप्रमाणे एवढीच उतरवावीत, की दोघींची फळीची शिखरे जुळतील. त्यानंतर एकाच वाजवणाऱ्याने पडद्याआडून, क्रम बदलून, दोन्ही वाजवाव्यात आणि ऐकणाऱ्यांनी कागदावर लिहावे. तेव्हाही पहिलीच सरस ठरली, तर त्या फरकाचे श्रेय पट्टीच्या आकाराला आणि वाचलेल्या वजनाला देता येईल. फरक मावळला, तर आपण इतके दिवस ताठरतेतला फरक ऐकत होतो. निकाल कोणताही लागो, मापांसह कळवावा. पुढच्या अंकांत तो छापू.